कान वाजतोय, पण कळ दाभाडात आहे का? तपासायचं कसं

दातकोरणं (धागाकर्ता)

कान वाजतो म्हणून माणूस कानाच्या डॉक्टरकडे जातो. मळ निघतो, पडदा धड असतो, थेंब आणि गोळ्या लिहून मिळतात, आणि रातकिड्याचा किर्र आवाज होता तिथंच राहतो. अशांपैकी काहींच्या दुखण्याचा एक पाय जबड्याच्या सांध्यात असतो. "काहींच्या" हा शब्द मुद्दाम लिहिलाय, कारण हल्ली मोबाईलवर दोन व्हिडिओ बघून लोक थेट दाढा घासून घ्यायला येतात.

आधी जागा बघून घ्या. कानाच्या भोकापुढं जो कुरकुरीत हाडाचा छोटा उंचवटा आहे, त्याच्या अगदी पुढं बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जो गोळा पुढं सरकतो तो खालच्या जबड्याचा माथा. आता करंगळीचं टोक कानाच्या तोंडाशी हलकं टेकवा आणि पुन्हा तोंड उघडा. नळीची पुढची भिंत हललेली कळते. इतके हे दोघं शेजारी. शिवाय आईच्या पोटात ज्या कमानीतून खालचा जबडा घडतो, तिच्यातूनच कानातली हातोडा आणि ऐरण ही दोन हाडं घडतात. कानाचा पडदा ताणणारा स्नायू आणि घास चावणारे स्नायू पाचव्या मेंदूनसेच्या एकाच शाखेवर चालतात.

या नात्यावर सेंट लुईसचे कान-नाक-घसा डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ साली लिहिलं. दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, मागं दाबतो आणि कानाच्या शेजारच्या नसेवर भार येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे दाबाचं स्पष्टीकरण पुढं शरीररचनेच्या अभ्यासात टिकलं नाही. आज जास्त पटतं ते असं: कानाची नस मेंदूच्या बुडाशी जिथं पहिल्यांदा उतरते, त्या केंद्राच्या मागच्या भागात जबड्याच्या आणि मानेच्या नसांचे धागेही येऊन मिळतात. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की या शेजाऱ्यांचा आवाज तिथं मोठा होतो. म्हणून बहुतेक वेळा जबडा हा आवाजाचा जन्मदाता नसतो, आवाज वाढवणारा असतो.

घरी करायची तपासणी: रात्री पंखा-टीव्ही बंद करून खुर्चीत बसा. दात सुटे ठेवून एक मिनिट आवाज ऐका आणि त्याला ० ते १० मध्ये आकडा द्या. मग दाढा ५ सेकंद दाबा, सोडा, आकडा लिहा. पूर्ण जबडा उघडा, लिहा. खालचा जबडा पुढं काढा, डावीकडं न्या, उजवीकडं न्या, दर वेळी लिहा. नंतर हनुवटीखाली मूठ लावून तिच्या विरोधात तोंड उघडायचा जोर करा. शेवटी मान दोन्हीकडं वळवा आणि कपाळाला तळहात लावून विरोधात ढकला. प्रत्येक हालचालीनंतर अर्धा मिनिट थांबा, नाहीतर आधीच्या हालचालीचा परिणाम पुढच्या आकड्यात मिसळतो. आकडा २ किंवा जास्त हलला, किंवा आवाजाची पट्टी बदलली, तर तेवढं टिपून ठेवा.

पण हे नीट वाचा. आवाज हलला म्हणजे मूळ जबड्यातच, असं नाही. गोंगाटानं कान गेलेल्या माणसाचाही आवाज दात दाबल्यावर हलतो. वजन येतं ते बाकीच्या खुणा जुळल्यावर: कान आणि जबडा एकाच बाजूचे, दोन्ही एकाच सुमाराला सुरू झालेले, सकाळी उठल्यावर गाल जड आणि आवाज जास्त, दिवसभरात आवाज कमी-जास्त होणारा, आणि ऐकण्याची तपासणी चांगली.

कानसेन

शेवटचं वाक्य पहिलं हवं होतं. मी ऑडिओलॉजीचा माणूस, म्हणून टोचतं. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, हातात आल्याशिवाय जबड्याचं नाव घ्यायचं नाही.

ऑडिओग्राम करताना फक्त "नॉर्मल आहे" ऐकून घरी जाऊ नका, आलेखाची प्रत मागा. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत रेषा असते. २५ डेसिबलच्या आत सगळं असलं तर साधारण ठीक. ३०००, ४००० किंवा ६००० वर खड्डा आणि ८००० ला रेषा पुन्हा वर, ही गोंगाटाची सही. पुष्कळ ठिकाणी घाईत ३००० आणि ६००० तपासतच नाहीत. सांगून करून घ्या, कारण खड्डा नेमका तिथंच लपतो. गिरणी, मळणीयंत्र, डीजे यातलं काही आदल्या दिवशी कानावर पडलं असेल तर तपासणी पुढं ढकला. साधारण १४ तास शांततेत गेलेले हवेत, नाहीतर तात्पुरता बधिरपणा कायमचा म्हणून कागदावर येतो.

दुसरी तपासणी टिंपॅनोग्राम, म्हणजे पडदा कसा हलतो आणि मागं हवेचा दाब किती याचा आलेख. कानाला दडा बसल्यासारखं वाटतं, पण आलेखाला "ए" प्रकारचा उभा डोंगर येतो, तेव्हा पडद्यामागं पाणी नाही आणि हवेचा दाबही ठीक आहे. अशा वेळी दडा बसल्याची भावना जबड्याच्या स्नायूंकडून येत असू शकते. "सी" आला तर कान-घशाची नळी नीट उघडत नाही, आधी सर्दीचं बघा. "बी" आला तर मागं पाणी, पडद्याला भोक किंवा पुढं मळ.

टिनिटसचा, म्हणजे कान वाजण्याचा, त्रास किती हे मोजायला २५ प्रश्नांची टिनिटस हँडिकॅप प्रश्नावली आहे, गुण ० ते १००. उपचाराआधी एकदा भरून ठेवा. आवाजाच्या मोठेपणापेक्षा हे गुण जास्त कामाचे. नाहीतर तीन महिन्यांनी "फरक पडला का" याचं उत्तर कुणाकडंच नसतं.

बांधावरचा

पोष्ट वाचून बोट लावून बगितलं. उजवीकडं कटकट वाजतंय पण दुखत नाही. हुरड्याच्या दिवसांत आन् ऊस सोलताना जास्त वाजतं. म्हणजे सांधा गेला का?

दातकोरणं

नाही गेला. सांध्यात कूर्चेची एक गादी असते, ती जागेवरून जरा पुढं सरकली की तोंड उघडताना माथा तिच्यावर चढतो आणि कट आवाज येतो. दुखत नसेल आणि तोंड पुरतं उघडत असेल तर त्या कटकटीला उपचार लागत नाही. ऊस दातानं सोलायचं बंद करा, कोयत्यानं करवे काढून घ्या. भाकरी वाळली असेल तर आमटीत मोडून खा. तोंड उघडून उघडून वाजतं का बघायची खोड लागते, ती आधी सोडा.

काळजी कधी? कट आवाज एक दिवस अचानक बंद झाला आणि तोंड अर्धंच उघडायला लागलं, तेव्हा. गादी पुढं अडकलेली असते. शाळेच्या पट्टीनं वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या टोकांमधलं अंतर मोजा. मोठ्या माणसाचं ४० ते ५० मिलिमीटर असतं. ३५ च्या खाली म्हणजे अडथळा. पट्टी नसेल तर आपलीच तीन बोटं उभी जातात का बघा. उघडताना हनुवटी एका बाजूला ओढली जात असेल तर बहुधा त्याच बाजूचा सांधा अडलाय.

आता आपल्या भागातली मोठी गफलत. तोंड उघडत नाही आणि कानाला दडा बसतो, या दोन तक्रारी घेऊन येणाऱ्यांत गुटखा, मावा, सुपारीवाले खूप. राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पानटपरीवर काय मिळतं ते सगळ्यांना माहीत आहे. सुपारीनं गालाच्या आतलं अस्तर ताठ होतं. त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. आरशात टॉर्च मारून बघा: गालाचा आतला भाग आणि टाळूची मागची कमान पांढरट, संगमरवरासारखी, बोट फिरवलं तर आत दोरीसारखे पट्टे, आणि तिखट लागताच तोंडात आग. ताठरपणा टाळूच्या स्नायूंपर्यंत गेला की कान-घशाची नळी उघडणारा स्नायूच जखडतो, म्हणून कान बंद वाटतो. हा सांध्याचा आजार नाही. यात रात्रीचा स्प्लिंट (दातांवर बसवायचं कव्हर) घालून काहीही होत नाही, आणि जोर लावून तोंड फाकवलं तर आत चिरा पडतात. हा कर्करोगाआधीचा टप्पा असू शकतो. सुपारी त्याच दिवशी बंद, आणि दाताच्या डॉक्टरकडून टाळू-गाल तपासून घ्या, त्यांनी सांगितलं तर तुकडा तपासणीला द्या. छत्रपती संभाजीनगरला घाटी (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि शासकीय दंत महाविद्यालय दोन्ही एकाच गावात आहेत, कान आणि तोंड दोन्ही दाखवून होतं.

पडदानशीन

कान-नाक-घसा. धागा चांगला आहे, पण जबड्यापर्यंत जायच्या आधी थांबायच्या जागा लिहिल्याच पाहिजेत.

आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येतो का? मनगटावर नाडी धरून ऐका. ठोक्याला ठोका जुळत असेल तर रक्तवाहिन्यांची तपासणी लागते, जबडा विसरा. आवाज एकाच कानात आणि त्याच कानाचं ऐकणं कमी असेल तर एमआरआय करून श्रवणनसेवरची गाठ नाही हे बघावं लागतं. सोबत गरगरणं, तोंड वाकडं होणं, चेहरा बधिर होणं असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आणि सगळ्यात घाईचं: रात्री नीट होता, सकाळी एक कान बंद आणि आत आवाज. मळ असेल म्हणून चार दिवस कोमट तेल घालत बसतात. अचानक आलेल्या बहिरेपणात स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त, दोन आठवड्यांनंतर तो बराच घटतो. अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जिथं जवळ पडेल त्या वैद्यकीय महाविद्यालयात गाठा. मोबाईल आधी एका, मग दुसऱ्या कानाला लावून फोनवरचं बोलणं सारखंच ऐकू येतं का बघा. दोन्ही कानांत ठळक फरक असेल तर उद्यावर टाकू नका.

तेलाबद्दल: पडद्याला भोक आहे का नाही हे कुणी बघितलेलं नसताना कानात काहीही ओतू नये. लसणाचं गरम तेल तर नाहीच.

औषधवाली

मेडिकल काउंटरवरून एक भर. जबडा दुखतो म्हणून लोक स्वतःच वेदनाशामक गोळ्या घेत राहतात, आणि त्यातल्या काही गोळ्याच कान वाजवतात. जास्त मात्रेतली ॲस्पिरिन याबाबत जुनी ओळखीची. तिचा आवाज औषध थांबल्यावर सहसा जातो. क्विनाईनचंही तसंच. जेंटामायसिन, अमिकॅसिन, स्ट्रेप्टोमायसिन या इंजेक्शनांचं नुकसान मात्र बहुतेक वेळा कायमचं. पाणी काढायची फ्रुसेमाईड जास्त मात्रेत, आणि कर्करोगातलं सिसप्लॅटिन, हीसुद्धा यादीत. हृदयासाठी रोज ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी हे वाचून गोळी बंद करू नये. एवढ्या मात्रेत कान वाजायची शक्यता फार कमी, आणि बंद केल्याचा धोका मोठा.

जिंकगो, मेलाटोनिन, झिंक या गोळ्या "कानाच्या नसेसाठी" म्हणून मागितल्या जातात. २०१४ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत टिनिटससाठी या देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलंय.

मानमोकळी

फिजिओ आहे. स्नायू कसा दाबून बघायचा हे कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

गालाच्या मधोमध, दाढा दाबल्यावर जो स्नायू टम्म फुगतो तो एक, आणि कानशिलावरचा दुसरा. तपासताना दाढा सोडायच्या आणि दोन बोटांनी साधारण १ किलोचा दाब २ सेकंद द्यायचा. सांध्याच्या गोळ्यावर अर्धा किलो पुरे. १ किलो म्हणजे किती हे हाताला कळत नाही, म्हणून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बोटं टेकवून आकडा १,००० ग्रॅमवर येईपर्यंत दाबा, तीनचार वेळा केलं की बोटांना माप बसतं. बहुतेक जण पहिल्यांदा तिप्पट दाबतात आणि मग सगळंच दुखतं. दाबल्यावर "हेच ते नेहमीचं दुखणं" असं वाटलं तर ते मोजायचं. दाबताना कानातला आवाज बदलला तर तेही लिहा.

व्यायामाच्या आधी बसण्याची सवय. ओठ मिटलेले, दात सुटे, आणि जीभ "न" म्हणताना जिथं टेकते तिथं, वरच्या दातांच्या मागं. दात एकमेकांना लागायचे ते चावताना आणि गिळताना, एरवी नाही. गाडी चालवताना, मोबाईल बघताना, हिशेब करताना लोक नकळत दाढा आवळतात. गाडीच्या आरशावर, मोबाईलच्या पाठीवर, तिजोरीवर लाल टिकली लावा, दिसली की दात सुटे करा. सुरुवातीला तासात दहा वेळा आवळलेले सापडतील.

व्यायाम: जीभ त्याच जागी टाळूला चिकटवून ठेवायची आणि ती सुटणार नाही इतकंच तोंड उघडायचं. ६ वेळा, दिवसातून ६ दा. सांधा पुढं न घसरता जागेवर फिरतो, हा त्याचा मतलब. कट आवाज आला म्हणजे जास्त उघडलं. शेकायला ज्वारीची पुरचुंडी तव्यावर गरम करून गालावर १० ते १५ मिनिटं. आधी मनगटावर लावून बघा, गालाची कातडी लवकर भाजते. शेकल्यावर गालाच्या स्नायूवर वरून खाली बोटं ओढत दोन मिनिटं मालिश. पहिले दोन दिवस थोडं जास्त दुखलं तर चालेल, कानातला आवाज वाढून दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला तर व्यायाम निम्म्यावर आणा.

मानेला विसरू नका. मानेच्या वरच्या मणक्यांकडच्या नसांचे धागेही धागाकर्त्यानं सांगितलेल्या मेंदूच्या बुडाच्या त्याच केंद्रात जातात. कापूस वेचताना दिवसभर वाकलेली मान, डोक्यावरचा भारा, कान आणि खांद्यात दाबलेला मोबाईल, हे सगळं त्यात आलं. हनुवटी सरळ मागं नेऊन ५ सेकंद, दहा वेळा, दिवसातून तीनदा.

रोलिंगमिल

जालन्याच्या लोखंडी पट्ट्यात सुरक्षा बघतो. कानसेन यांनी खड्ड्याचं सांगितलं, त्याला जोडून एक गोष्ट लय कमी जणांना ठाऊक आहे. कानात फोमचा बोळा घालून माणूस पाळीभर पुडी चघळत राहतो. धागाकर्त्यानं वर लिहिलंच आहे की जबडा हलला की नळीची पुढची भिंत हलते. म्हणजे बोळ्याची पकड दर चावण्याला सुटते आणि आवाज आत. कागदावर बोळा घातलेला, प्रत्यक्षात कान उघडा.

बोळा घालायचा असा: बोटांनी वळून बारीक वात करायची, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर-मागं ओढायची, वात आत सारायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट टेकवून धरायचं. समोरून बघणाऱ्याला बोळा दिसता कामा नये. मग तोंड उघडून-मिटून बघा, सैल झाला तर पुन्हा. चघळायची सवय सुटतच नसेल तर वरून कानावर बसणारा मफ बरा. आपल्या कारखाना नियमांत ८ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, अमेरिकेतली निऑश संस्था ८५ धरते. हातभर लांबच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ८५ च्या वर आहात, यंत्र लागत नाही.

बांधावरचा

ऑनलाईन गरम पाण्यात बुडवून चावायचं रबरी कव्हर मिळतं, रात्री दात खाणाऱ्यांसाठी. ते घेतलं तर चालेल का? सांधा न् कान दोन्हीला?

दातकोरणं

मऊ रबर चघळायला बरं वाटतं, हीच त्याची खोट. काही जण त्यावर जास्तच आवळतात. पुढच्या चार दातांपुरता छोटा तुकडाही विकतात, तो तर महिनोनमहिने घालूच नका. मागच्या दाढा मोकळ्या राहून वर येतात आणि मग दिवसा पुढचे दात मिटत नाहीत.

घ्यायचाच तर कडक ॲक्रिलिकचा, सगळे दात झाकणारा, दाढेपाशी साधारण २ मिलिमीटर जाडीचा. डॉक्टर माप घेऊन बनवतात. खरी कसोटी बसवायच्या दिवशी: रंगीत कागद चावायला देऊन सगळ्या दाढांचे ठिपके सारखे उमटतात का बघतात, जिथं गडद तिथं घासतात. दहा मिनिटांत हातात देऊन "जा" म्हणाले तर बसा खुर्चीत पुन्हा. आठवड्यानं एकदा, मग तीनचार आठवड्यांनी परत दाखवायचं, कारण स्नायू सैल झाले की ठिपके बदलतात. फक्त रात्री घालायचा. सकाळी काढल्यावर थोड्या वेळात दाढा पूर्वीसारख्या जुळल्या पाहिजेत. तासभर जुळल्याच नाहीत तर वापर थांबवून दाखवायला या. थंड पाणी आणि ब्रशनं धुवा, गरम पाण्यानं तो वाकतो आणि मग बसत नाही. जोरात घोरणाऱ्यांनी, झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी आधी सांगावं, काहींचा श्वासाचा त्रास स्प्लिंटनं वाढतो.

दाढा घासून "चावा जुळवणं", कॅप, तारा, अक्कलदाढ काढणं, यातलं काहीही निव्वळ कानाच्या आवाजासाठी करू नका. घासलेली दाढ परत येत नाही. पहिले तीन महिने फक्त मागं घेता येतील असेच उपाय.

शंकासुर

तीन महिन्यांनी आवाज जातो का पण? सगळे तपासायचं सांगतायत, निकाल कुणीच सांगत नाही.

कानसेन

रास्त प्रश्न. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या एका चाचणीत जबड्याशी जोडलेला टिनिटस असलेले ८० जण घेतले होते. निम्म्यांना लगेच जबड्याचा उपचार, निम्म्यांना ९ आठवडे थांबवून. त्रासाचे गुण बऱ्याच जणांचे उतरले, सगळ्यांचे नाही. आणि गुण उतरणं म्हणजे आवाज बंद होणं नव्हे. व्यवहारात बघायचं ते असं: दुखणं आधी हलतं, साधारण तीनचार आठवड्यांत. आवाज मागून हलतो, हललाच तर. बारा आठवड्यांत जबडा सुधारला आणि प्रश्नावलीचे गुण तिथंच राहिले, तर जबडा हे कारण नव्हतं असं धरा आणि स्प्लिंटमागून स्प्लिंट करत बसू नका.

मग ऐकण्याचं यंत्र, जर ऑडिओग्राममध्ये घट असेल तर. खड्डा भरून आवाज आत गेला की मेंदूचं किर्र मागं पडतं. आणि समुपदेशनातली सीबीटी पद्धत (आवाजाबद्दलचे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी), त्रास कमी करण्यात तिचाच पुरावा सर्वांत भक्कम आहे.

शंकासुर

बरं. आणि रात्री झोप लागत नाही तोवर? पंखा फुल्ल करून झोपतात लोक.

कानसेन

फुल्ल नको. पंख्याच्या आवाजानं किर्र पुरतं झाकलं गेलं तर मेंदूला त्याची सवय होत नाही, आणि लाईट गेली की दुप्पट ऐकू येतं. लोडशेडिंगच्या भागात हे रोजचं. आवाज इतका ठेवा की पंखा ऐकू यावा आणि त्यातूनही किर्र जरासं ऐकू यावं. मोबाईलवर पावसाचा आवाज लावणार असाल तर इयरफोन न घालता, उशीपासून हातभर लांब ठेवून. आणि कुशीवर झोपताना हनुवटीखाली हात घेऊ नका, रात्रभर जबडा एका बाजूला ढकलला जातो.